‘पाठवला का, एवढंच सांगा’ म्हणणाऱ्यांना

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या काकांनी ग्रुपवर विचारलं, की टँकरच्या हिशेबात एकाच तारखेच्या दोन पावत्या दिसतात, कुणी बघेल का? झालं! कमिटीची बदनामी झाली. चौकशीसाठी आम्हा तिघांची समिती नेमली आणि आज आमच्या हातात छापील कागद ठेवला. प्रश्न एकच: ‘सदर मेसेज यांनीच पाठवला काय? होय / नाही.’ मी म्हटलं, अहो, पण यात बदनामी आहे की नाही ते कोण ठरवणार? सेक्रेटरी म्हणाले, “ताई, ते कमिटी बघेल. तुम्ही फक्त सही करा.”

म्हणजे तक्रार ज्यांची, निकालही त्यांचाच. आणि सही आमची.

ही युक्ती काही आमच्या सेक्रेटरींची नाही, अडीचशे वर्षं जुनी आहे. इंग्लंडात राजावर, सरकारवर टीका छापली की राजद्रोही बदनामीचा खटला व्हायचा. तिथले सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड ज्यूरीला, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाला, सांगायचे: माणसाने हे छापलं का आणि त्यातला रोख कुणावर आहे, एवढंच तुम्ही बघा. मजकूर गुन्हा ठरतो की नाही हा कायद्याचा प्रश्न, तो आमचा. लिहिलेलं खरं आहे, हा तर बचावच नव्हता. 1770 मध्ये ज्युनियस या टोपणनावाने राजाला लिहिलेलं पत्र छापल्याबद्दल वुडफॉल या वर्तमानपत्रवाल्यावर खटला झाला. ज्यूरीतल्या बारा जणांनी तासन् तास खल करून निकाल दिला: ‘फक्त छापल्याचा आणि प्रसिद्ध केल्याचा दोषी.’ त्या ‘फक्त’ने मॅन्सफील्डसाहेबांची अशी पंचाईत केली की खटला नव्याने चालवायचा हुकूम द्यावा लागला.

पण माझा लाडका प्रसंग 1784 चा, श्रूजबरीचा. एक विद्वान आणि एक शेतकरी यांच्यातल्या संवादाची छोटी पुस्तिका होती. राज्यकारभारात सामान्य माणसाचा वाटा किती, असा विषय. लेखक कोण? आपले सर विल्यम जोन्स, पुढे ‘शाकुंतल’ इंग्रजीत नेणारे! ते तोवर कलकत्त्यात न्यायाधीश होऊन बसले होते आणि पुस्तिका छापवली म्हणून त्यांचा मेहुणा, वेल्समधला एक वरिष्ठ धर्मगुरू, इकडे आरोपी. ज्यूरीने निकाल दिला, ‘फक्त प्रसिद्ध केल्याचा दोषी’. न्यायमूर्ती बुलर तो शब्द नोंदवून घ्यायला तयार होईनात. आरोपीचे वकील थॉमस अर्स्किन उठले आणि थेट पंचांनाच विचारलं, की ‘फक्त’ हा शब्द तुमच्या निकालाचा भाग आहे ना? पंच म्हणाले, अर्थात. बुलर भडकले: खाली बसा, आपलं कर्तव्य ओळखा, नाहीतर मला वेगळा मार्ग धरावा लागेल. हे अर्स्किन एकेकाळी याच बुलरांच्या हाताखाली वकिली शिकलेले. ते म्हणाले, हवा तो मार्ग धरा. माझं कर्तव्य मला ठाऊक आहे. शेवटी नोंद झाली ती अशी, की प्रसिद्ध केलं हे खरं, बदनामी आहे की नाही ते आम्ही ठरवलेलं नाही. आणि पुढे लंडनच्या कोर्टात आरोपपत्रच सदोष निघालं, मेहुणे सुटले.

तर मी आज काय केलं? ‘होय’वर खूण केली आणि खाली पेनाने लिहिलं: ‘मेसेज पाठवला, एवढंच. त्यात बदनामी आहे असं आम्ही म्हटलेलं नाही. पावत्या दाखवा.’ सेक्रेटरी म्हणाले, कागद खराब केलात. उरलेल्या दोघांपैकी एकाने माझ्याखाली सही केली. दुसऱ्याला अचानक फोन आला.

त्याच्यावर मी चिडले होते खरी, पण आता लिहिताना राग जरा उतरलाय. पार्किंगचा अर्ज कमिटीकडे पडून असलेला माणूस तो. नाही म्हणायला किंमत लागते. 1670 मध्ये इंग्लंडात विल्यम पेन या क्वेकर धर्मप्रचारकाला दोषी धरायला नकार दिला म्हणून ज्यूरीला अन्नपाण्याविना कोंडून ठेवलं होतं आणि वर दंडही केला. एडवर्ड बुशेल नावाच्या पंचाने तो भरला नाही, तुरुंगात गेला. त्याच्यामुळे निकालाबद्दल पंचांना शिक्षा करता येत नाही हे ठरलं. सगळेच बुशेल नसतात.

1792 मध्ये खासदार फॉक्सने बदनामीच्या खटल्यांसाठी कायदा आणला आणि पूर्ण निकाल ज्यूरीच्या हाती आला. लगेच रामराज्य आलं का? नाही. त्याच डिसेंबरात निवडून बसवलेल्या ज्यूरीने ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिणाऱ्या थॉमस पेनला (हा पेन वेगळा) जागेवरून न उठता दोषी ठरवलं. पण 1817 चा विल्यम होन बघा. गरीब पुस्तकविक्या, प्रार्थनांची विडंबनं छापली म्हणून तीन दिवसांत तीन खटले. वकील नाही, टेबलावर जुन्या विडंबनांच्या पुस्तकांचा ढीग, कोर्टात हशा. न्यायाधीश लॉर्ड एलेनबरोंनी ज्यूरीला स्पष्ट सांगितलं की हे घोर पाखंड आहे. तिन्ही वेळा ज्यूरी म्हणाली: निर्दोष.

ज्यूरीचं हेच हत्यार आपल्याकडे आलं तेव्हा मात्र धार बोथट करून आलं. 1908, मुंबई हायकोर्ट, टिळक. नऊ जणांची ज्यूरी, त्यात सात युरोपीय. लोकमान्य एकवीस तासांहून जास्त बोलले. सात विरुद्ध दोन. इंग्लंडात तेव्हा एकमत लागायचं, दोघे अडले असते तर दोषी ठरवता आलं नसतं. इथे बहुमत पुरलं, न्यायमूर्ती दावर यांनी ते मान्य केलं आणि सहा वर्षं मंडाले. याचा मला आजही संताप येतो.

आता ज्यूरी कशी चुकते ते सांगायला कमेंटमध्ये ‘नानावटी, नानावटी’ (1959 मध्ये बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणारे नौदल अधिकारी) करत येणाऱ्यांनो, थांबा. आठ विरुद्ध एकने त्यांना निर्दोष म्हणणारी ज्यूरी चुकली, मान्य. पण हायकोर्टाने तो निकाल फिरवताना ज्यूरीला न्यायाधीशांनी केलेल्या मार्गदर्शनातच चुका दाखवल्या होत्या. पंचांसमोर प्रश्न कसा ठेवला गेला, ते तिथेही बघावं लागलंच. ते आधी वाचा, मग भांडायला या. मी जागीच आहे.