सासूबाईंना घेऊन युरोपात रेल्वेनं: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पॅरिस–झुरिक–इन्सब्रुक–व्हिएन्ना–बुडापेस्ट ही मी माझ्या लेखात सुचवलेली रेल्वेची सहल म्हणजे पंधरा तास डब्यात फुकट घालवणं, विमानानं तेच दोन-दोन तासांत होतं, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाईंना फलाटांवर फिरवणं बरं नव्हे. शिवाय व्हिसाबद्दल मी चुकीचं लिहिलंय.

व्हिसाचं आधी. चूक माझीच. 'जिथे उतरणार तिथला व्हिसा' असं मी लिहिलं होतं. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, नियम तसा नाही. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखाच असेल, तरच पहिल्या प्रवेशाचा देश. लेखात दुरुस्ती केली आहे, मनापासून आभार.

आता तास. पॅरिस–झुरिक चार, पुढे इन्सब्रुक साडेतीन, व्हिएन्ना सव्वाचार, बुडापेस्ट पावणेतीन. म्हणजे साडेचौदा, तुमची बेरीज जवळपास बरोबर आहे. पण ते चार वेगवेगळ्या दिवसांत वाटले गेलेत, आणि चारही टप्प्यांना थेट गाडी मिळते. विमानाचे दोन तास धरताना पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळापर्यंतची धावपळ, तपासणीची रांग, पट्ट्यापाशी बॅगेची वाट पाहणं, हेही धरायला हवं. पॅरिसहून एका दमात व्हिएन्ना गाठायचं असेल तर मात्र खुशाल विमान घ्या, तिथे मी हट्ट धरणार नाही.

'फुकट' हा शब्द मात्र मला लागला. झुरिकहून निघताना डावीकडची खिडकी धरा. आधी झुरिकचं तळं, मग उभ्या कड्यांखालचं वालेनझे हे दुसरं तळं, पाणी अगदी रुळांना लागून. सीमेवरच्या बुक्स स्थानकात गाडीची दिशा उलटते. इतका वेळ पुढे तोंड करून बसलेली माणसं उलटी जायला लागतात. आई-बाबांना घेऊन मी गेले, तेव्हा आईनं घाबरून विचारलं, "अगं, परत चाललो की काय?" मग काही मिनिटांत अख्खं लिख्टेनश्टाइन ओलांडून गाडी ऑस्ट्रियात, आणि पुढे 1884 साली सुरू झालेला, दहा किलोमीटरहून लांब आर्लबर्गचा बोगदा. बाबांनी त्या साडेतीन तासांत डोळा लावला नाही. माझ्या दृष्टीनं सहल ती हीच.

गुडघ्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि मी लेखात त्यावर पुरेसं लिहायला हवं होतं. त्याआधीच्या एका सहलीत मी गाडी बदलायला आठ मिनिटं ठेवली होती. फलाट भुयारी मार्गाच्या पार पलीकडे, लिफ्टपाशी गर्दी. आई जिना अर्धा चढली आणि वर गाडी सुटल्याचा आवाज आला. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली, त्यामुळे पुढचं नव्यानं घ्यावं लागलं. एकाच तिकिटावर पूर्ण प्रवास असता, तर पुढच्या गाडीनं नेणं ही रेल्वेची जबाबदारी ठरली असती. तेव्हापासून वडीलधारी सोबत असली की शक्यतो थेट गाडी, नाहीतर मध्ये किमान चाळीस मिनिटं. हमाल मिळेल असं धरूच नका, म्हणून माणशी एकच बॅग, आणि तीही स्वतःला उचलता येईल एवढीच. ऑस्ट्रियाच्या गाड्यांत आरक्षण सक्तीचं नसलं तरी करा. फलाटाचे ए, बी, सी असे भाग पाडलेले असतात, आपला डबा कुठल्या भागात येणार ते आधी पाहून तिथेच थांबा, म्हणजे धावाधाव होत नाही.

तुमच्या सासूबाईंसाठी मी बुडापेस्ट गाळेन. पॅरिस चार रात्री, झुरिक तीन, इन्सब्रुकला एकाऐवजी तीन, व्हिएन्ना तीन, आणि परतीचं विमान व्हिएन्नाहूनच. मुंबई–पॅरिस आणि व्हिएन्ना–मुंबई असं तिकीट एकत्र काढता येतं, पॅरिसला परत यायची गरज नाही. मग सर्वांत जास्त, सहा रात्री ऑस्ट्रियात होतात, म्हणजे तुमचा अर्ज ऑस्ट्रियाकडे.