बशीवरच्या पक्ष्यांना अपशकुनी ठरवू नका

सध्या सांगलीतल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. ‘निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या बशीवरचे दोन पक्षी म्हणजे हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये मारले गेलेले प्रेमी. अशी भांडी घरात वियोग आणतात. एकटा पक्षी त्याहून वाईट. पानं नसलेल्या फांदीवरची फुलं म्हणजे वंश खुंटणार.’ हे वाचून गावभागातल्या एका घरात, महापुराच्या चिखलातून धुऊन जपलेला आजीचा सेट भंगारात काढलाय. म्हणून राहवत नाही.

आधी ते हजार वर्षांचं. झुकलेलं झाड, पुलावर तीन माणसं, वर दोन पक्षी ही नक्षी मुळात चिनी नाहीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या कारखानदारांनी चिनी मालावरून ती जुळवली. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून पातळ कागदावर छाप घ्यायचा, तो भाजलेल्या बशीवर उतरवायचा, वरून ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर. बशी उजेडात धरा आणि काठावरून नजर फिरवा. कागदाची टोकं जिथे भेटली तिथे नक्षी जुळत नाही, एखादं फूल अर्ध्यातच तुटतं. कुंचल्याच्या कामात असं होत नाही.

प्रेमकथा त्याहून नंतरची. ती १८४९ मध्ये लंडनच्या एका मासिकात आली, तोवर बशा घरोघरी पोचल्या होत्या. आणि त्या कथेतही देव त्या दोघांची कबुतरं करतात, ते मेल्यावरही एकत्र राहावेत म्हणून. मग वियोग कुठून आला?

खऱ्या चिनी भांड्यांवर कमळांतली मँडरिन बदकांची जोडी हा तर लग्नाचा आशीर्वाद. एकट्या पक्ष्याचं म्हणाल, तर कमळाजवळचा एकटा बगळा बघा. चिनी भाषेत ‘एक बगळा’ आणि ‘एका वाटेने’ यांचा उच्चार एकच, तसाच ‘कमळ’ आणि ‘लागोपाठ’ यांचा. म्हणून दरबारी नोकरीच्या परीक्षा एकामागून एक पास होवोत, ही त्या चित्रातली शुभेच्छा. एमपीएससीला बसलेल्या पोरांच्या टेबलावर शोभेल अशी!

बिनपानांची फांदी बहुधा मेइ या झाडाची असते. ते थंडी सरण्याआधीच फुलतं, म्हणून चिनी लोक त्याला चिवटपणाचं प्रतीक मानतात. आपला पळस पानं गाळून फुलतो, त्याला कोणी वठलेला म्हणतं का?

काळजी घ्यायचीच तर वेगळी घ्या. जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, त्यामुळे तडे गेलेल्या बशीत लोणचं किंवा लिंबू वाढू नका. ती भिंतीवर लावा.