रातवा आणि एक-चौदाचा उतारा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका डोंगरउतारावर, काजूच्या झाडाखाली तासभर पालथा पडून राहिलेला मनुष्य जमिनीचा दलालच असणार, असा निष्कर्ष गेल्या शनिवारी एका सद्गृहस्थांनी काढला, आणि तो मनुष्य मी होतो.

मला रातवा पाहायचा होता. हा पक्षी घरटे बांधण्याच्या भानगडीत न पडता उघड्या जमिनीवरच अंडी घालतो आणि वाळक्या पाचोळ्याचा रंग पांघरून असा बसतो की पाय पडेपर्यंत दिसत नाही. अंधार पडल्यावर, फरशीवर काचेची गोटी पडून टपटपत थांबावी तसा त्याचा आवाज आला. मी दुर्बीण उचलली, तोच माझ्या मानेवर बॅटरीचा झोत पडला.

"किती मीटर धरली?"

झोतामागे अर्धी विजार, कोयता आणि हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, वास होता.

"या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर माझ्या आज्याचं नाव आहे, आधीच सांगून ठेवतो."

मी पक्षी बघत असल्याचे सांगितले.

"काळोखात?"

"तो काळोखातच बाहेर पडतो. दिसत नाही, नुसता ऐकू येतो."

"मग दुर्बीण कशाला?"

या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही.

"गाव कुठलं?"

"म्हापसा."

"म्हापशेकारच मध्यस्थ असतात. पलीकडचा डोंगर घेतलेला माणूससुद्धा फुलपाखरं बघतो म्हणाला होता. फुलपाखरांच्या मागून जेसीबी आला."

जन्म गोव्यात काढून स्वतःच्याच राज्यात परका ठरल्याचा राग मला अजून आहे. पण तो नेमका कोणावर काढावा, हे कळत नाही. नगरनियोजन कायद्यातली जमिनीचा झोन बदलू देणारी १७ (२) आणि ३९-अ ही कलमे ज्या गावांत पक्ष्यांच्या नावांइतकी तोंडपाठ झाली आहेत, तिथे दुर्बीण घेऊन आलेल्या माणसाला चहा कोण विचारणार? पलीकडचा डोंगर मी उजेडात पाहिला होता. अर्धा कापलेला, तांबडाभडक. तिथे रातव्याने अंडी घालायची तर ती कुठे?

अखेर मी तो आवाज तोंडाने काढून दाखवला. म्हातारा प्रथमच हसला.

"तो होय? तो रोज माझ्या भट्टीपुढे रस्त्यावर बसतो."

आम्ही डांबरी रस्त्यावर आलो. बॅटरीच्या टोकाला दोन तांबडे निखारे चमकले. मी थरथरत्या हाताने दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि त्यांनी बॅटरी विझवली.

"आता ऐका. दिसत नाही म्हणालात ना?"