दहा रुपयांची बिदागी

गेल्या शनिवारी खानापूर तालुक्यातील एका खेड्यात मला दहा रुपयांची बिदागी मिळाली. एका आजोबांनी ती नोट स्वतःच्या हाताने माझ्या शर्टाच्या खिशात कोंबली, "वाटेत च्या घे" असे सांगितले आणि खिसा बाहेरून दाबून ती नीट बसल्याची खात्रीही करून घेतली. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. आयुष्यभर इतरांच्या नोटा मोजल्या, पण इतक्या प्रेमाने कोणी अपमान केल्याचे आठवत नाही.

मी गेलो होतो चर्चचा फोटो काढायला. बेळगावात जुने चर्च म्हटले की लोक कॅम्पातील सेंट मेरीजकडे बोट दाखवतात, आणि गॉथिक कमानींची ती दगडी इमारत देखणी आहेच. पण तिचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत. माझा जीव अडकतो तो आडगावातल्या, जांभ्या दगडाच्या, चुन्याच्या थरांखाली अंग चोरून उभ्या असलेल्या लहान चर्चमध्ये. त्यांच्याविषयी छापील असे फारसे हाती लागत नाही, म्हणून वास्तूलाच विचारावे लागते. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनरी संस्थेने मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना सुरू केला. तेव्हा एखाद्या चर्चवर मंगळुरी कौले दिसली की निदान ते छप्पर तरी त्यानंतरचे, एवढे अनुमान काढून मी दिवसभर खूश असतो. कागद पाहावेत, तर बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तोच मुळी १९५३ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या नोंदवह्यांची चौकशी केली की समोरचा मनुष्य घाटाखाली, गोव्याच्या दिशेने हात करतो. आत जाऊन पाहावे, तर दाराला कुलूप. चावी हा शब्द मराठीला पोर्तुगीजांनी दिला. प्रत्यक्ष चावी मात्र ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ नेहमी नुकतेच लोंढ्याला गेलेले असतात.

जुन्या प्रथेप्रमाणे चर्चची वेदी पूर्वेला आणि दर्शनी भिंत पश्चिमेला असते. हे चर्च ती प्रथा पाळणारे होते, म्हणजे त्याच्या तोंडावर ऊन येणार ते दुपार कलल्यावरच. मी दोन वाजल्यापासून चिंचेखाली बसून होतो. साडेचारला ऊन हवे तसे पिवळे होऊन भिंतीवर उतरले आणि चुन्याखालचे जांभ्याचे चिरे एकेक करून उठून दिसू लागले. जवळ उभे राहून कॅमेरा वर केला की घंटेचा मनोरा जेवण झालेल्या माणसासारखा मागे रेलतो, म्हणून लांब जाऊन कॅमेरा समपातळीत धरावा लागतो. मी ट्रायपॉड घेऊन पावलापावलाने मागे सरकत गेलो, आणि मनोरा सरळ झाला त्याच क्षणी माझी पाठ एका म्हशीला लागली.

"काय मोजायलाय ओ?"

म्हशीच्या पलीकडून हा प्रश्न आला. पाठोपाठ डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, शेणाने भरलेला उजवा हात अंगापासून लांब धरलेले एक आजोबा आले. त्यांचे डोळे माझ्यावर नव्हते, ट्रायपॉडवर होते. यात त्यांचा दोष नाही. बायपास आणि रिंगरोड या दोन शब्दांनी बेळगावच्या परिसरातील शेतकऱ्याची झोप उडवलेली आहे, आणि तीन पायांवर काहीतरी उभे करून एक डोळा मिटणारा माणूस शिवारात दिसला की पुढे काय होते हे आता सर्वांना ठाऊक आहे.

"मोजत नाही आजोबा, फोटो काढतो आहे."

"कुणाकडनं आलाय?"

"बेळगावहून."

"ते कळलं की. कुणाकडनं? म्हाराष्ट्राकडनं का कर्नाटकाकडनं?"

हा प्रश्न आम्हाला १९५६ पासून विचारला जातो. महाजन आयोगाने १९६७ मध्ये त्याचे जे उत्तर दिले ते इकडच्या मराठी माणसाने मानले नाही, २०१४ मध्ये बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले, सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे, आणि म्हशीच्या शेपटीचे फटके चुकवत मी त्यावर एका शब्दात निकाल द्यावा अशी आजोबांची अपेक्षा होती. मी "स्वतःकडून" असे म्हटले.

"सोताकडनं कोण येतंय ओ उन्हाचं?"

मग मी ती चूक केली जी मी प्रत्येक गावात करतो. मी समजावून सांगू लागलो. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट न पाळल्याबद्दल शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, आले आणि मध्ये थोडी वर्षे सोडता १८१२ पर्यंत चालले. त्याच्या जाचामुळे, करांमुळे आणि पोटापाण्यासाठी अनेक कुटुंबे घाट चढून आणि किनाऱ्याने खाली सरकत निरनिराळ्या मुलखांत पांगली. जी वस्ती करून राहिली ती आधी खुरीस, म्हणजे क्रूस, रोवीत, मग झापाचे छप्पर घालीत आणि चार पैसे जमले की चिऱ्यांची भिंत उभी करीत. त्यात आपल्यासारखीच मराठी आणि कोंकणी बोलणारी माणसे १९६० नंतरच्या काही वर्षांपर्यंत लॅटिनमधली मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ऐकत बसत. आजोबा तोंड किंचित उघडे ठेवून ऐकत होते, आणि मला खरोखरच वाटले की आज कोणीतरी ऐकते आहे. मी थांबलो तेव्हा त्यांनी शेणाचा हात दुसऱ्या हातात बदलावा तसा प्रश्न बदलला.

"म्हंजे टॉवरचं न्हवं?"

"नाही."

"रस्त्याचं बी न्हवं?"

"नाही."

"पगार?"

"नाही आजोबा, आवड म्हणून."

आजोबांचा चेहरा उजळला. "म्हंजे मोकळाच हाईस की तू!"

'तुम्ही'वरून 'तू'वर येण्याचा हा प्रवास एका वाक्यात झाला. त्यानंतरचा पाऊण तास मी त्यांच्या नोकरीत होतो. म्हशीचा विमा उतरवायचा होता. एजंटाला एकाच फोटोत म्हैस, मालक आणि म्हशीच्या कानातला पिवळा बिल्ला, त्यावरच्या बारा आकड्यांसह, हवा होता. मुलगा गोव्यात कामाला, जुन्या मोबाइलच्या काचेला तडा गेलेला, आणि देवाने आज कॅमेऱ्यासह एक मोकळा माणूस गोठ्यात धाडलेला. मी ऊन जाईल असे म्हणालो. "उद्या बी येतंय की ऊन," ते म्हणाले आणि म्हशीला धुवायला घेतले. म्हैस धुऊन झाली. मग शर्ट बदलायला ते घरात गेले, ते टोपी सापडेपर्यंत बाहेर आले नाहीत. चर्चवरचे ऊन तोवर पायरीवरून दारावर, दारावरून वरच्या गोल खिडकीवर चढत होते, म्हणजे खालून सावली येत होती, आणि मी एका म्हशीचा दोर धरून ते पाहत उभा होतो.

दोर धरून उभे असताना माझे लक्ष पाण्याच्या टाकीजवळच्या कपडे धुण्याच्या दगडावर गेले. इतर दगड जांभ्याचे. हा काळा, घासून गुळगुळीत झालेला, आणि एका कोपऱ्यात तिरपे ऊन पडल्यामुळे त्यावर साबणाच्या पांढऱ्या रेघांनी भरलेली रोमन अक्षरे दिसत होती. तीन ओळखता आली, बाकीची साड्या-चादरींनी नेली होती. कोणाच्या तरी थडग्याचा तो तुकडा. यावर हसावे असे मी ठरवले होते, पण ते जमत नाही. चर्चच्या पुढचा जुना खुरीस पाहावा तर त्याच्या चौथऱ्यावरील सालाचे चार आकडे ऑइलपेंटच्या इतक्या थरांखाली गेलेले की बोट फिरवून दोनच कळतात. शेजारच्या एका गावात देणगी मिळाली म्हणून कौले उतरवून स्लॅब टाकली आणि जमिनीवर न्हाणीघरात शोभतील अशा चकचकीत फरश्या घातल्या. आधीच्या फरशीत काय कोरले होते हे मी विचारले, तर "ते सगळं खराब होतं" एवढेच समजले. हे सर्व श्रद्धेने केले जाते, आणि देवळांत तरी आपण याहून वेगळे काय करतो? दोनशे वर्षांचा दगड सांभाळायला खर्च नसतो, नुसते त्याला हात लावायचा नसतो, आणि नेमके तेवढे आपल्याला जमत नाही. मी विचारायला गेलो की मात्र परवानगीचे पत्र मागतात. फरशी बसवणाऱ्या गवंड्याकडे पत्र कोणी मागितल्याचे ऐकलेले नाही.

आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. "हिकडनं नको, शिंग वाकडं दिसतंय," असे म्हणून त्यांनी मला तीनदा हलवले, आणि तिसऱ्या जागी चर्च नेमके म्हशीच्या पाठीवर येऊन बसले. खिडकीवर शेवटचे ऊन होते. मी कबूल करतो की मी फोकस चर्चवर केला. ट्रायपॉडवर, मंद शटरने, मनोरा सरळ ठेवून मी एकच फोटो घेतला, तो आजोबांच्या भाच्याच्या मोबाइलवर पाठवला आणि दहा रुपये खिशात घेऊन घरी आलो.

तो फोटो फार चांगला आला आहे. चर्चचा चिरा न् चिरा मोजता येतो.

सोमवारी सकाळी फोन आला. मधमाशीला हुसकावण्यासाठी की काय, म्हशीने नेमका त्याच क्षणी कान हलवला होता आणि बाराच्या बारा आकड्यांचा मिळून एक पिवळा पट्टा झाला होता. एजंटाने फोटो परत पाठवला होता.

"पोटू काय बरा आला न्हाई बग," आजोबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दहा रुपये गेल्याची समजूतदार हळहळ होती. "म्हस दिसतच न्हाई. मागचं ते तेवडं मोट्टं दिसतंय. येत्या शनवारी ये, आणि ते मागचं काढून टाक."