बर्कमस्टेडचे चर: गटार नाही दादा, खंदकच आहेत

नमस्कार दादा, एवढं सविस्तर लिहिलंत म्हणून उत्तरही सविस्तरच देतो. तुमचं म्हणणं असं की बर्कमस्टेड कॉमनवरचे, म्हणजे इंग्लंडमधल्या बर्कमस्टेड गावाजवळच्या मोकळ्या रानातले, मी फोटोत दाखवलेले चर म्हणजे पाणी काढून द्यायची साधी गटारं, आणि समजा पहिल्या महायुद्धातले सरावाचे खंदक असले तरी तिथे लढाई झालीच नाही, मग एवढं कौतुक कशाला.

आधी गटाराचं बघू. पाण्यासाठी चर काढायचा तर माणूस तो उताराला सरळ काढतो, आपल्याकडे शेतात पण तसंच करतात ना. इथे चरात उतरून चालायला लागा, थोडी पावलं सरळ गेलात की काटकोनात वळावं लागतं, मग परत सरळ, परत वळण, वरून बघितलं तर तटाच्या चर्यांसारखी रेघ दिसते. आणि हे मुद्दाम केलंय, कारण तोफगोळा आत पडलाच तर त्याचा मारा तेवढ्या कप्प्यातच अडावा आणि शत्रू एका टोकाने घुसला तर त्याला अख्ख्या रांगेवर सरळ गोळ्या घालता येऊ नयेत. पाण्याच्या चराला अशी वळणं कोणी देत नाही.

आता लढाईचं. 1914 पासून इथे इन्स ऑफ कोर्टच्या पलटणीने अधिकारी तयार केले. इन्स ऑफ कोर्ट म्हणजे लंडनमधल्या बॅरिस्टरांच्या चार संस्था, त्यातल्याच ग्रेज इनमध्ये बाबासाहेबांनी 1916 साली नाव घातलं होतं. बारा हजारांहून जास्त माणसं इथून गेली, त्यांनी मिळून जवळपास 13 किलोमीटर चर खणले, आज त्यातले 500 मीटरच्या आसपास उरलेत. आणि त्या माणसांपैकी दोन हजारांच्या आसपास युद्धात मेली हो. वकिली करणारी, कधी फावडं न धरलेली कितीतरी पोरं असणार त्यात, आणि त्यांच्या हातचा पहिला खंदक हा, फ्रान्समधला नाही. मला तरी तेवढं पुरेसं वाटतं.

फोटोत खोली कळत नाही हे तुमचं बरोबर आहे, माती आणि पालापाचोळ्याने चर बराच भरलाय. तुम्ही लंडनलाच असता ना, मग जानेवारीत या, यूस्टनहून थेट ट्रेन आहे. तेव्हा नेचे वाळून खाली बसलेले असतात आणि दुपारी तीनच्या तिरक्या उन्हात एकेक वळण सावलीने उठून दिसतं. स्टेशनवर घ्यायला मी येतो, फक्त चिखलातले बूट घालून या.