पाऊण हवेचे पूर्ण पैसे

काल सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर काकांनी माझा जो हिशेब काढला, तो अजून डोक्यातून गेलेला नाही.

झालं एवढंच की मी केनियातल्या इटेनला दहा दिवस धावून आलो. उंची साधारण २४०० मीटर. कळसूबाईच्या डोक्यावर जवळजवळ अर्धी कळसूबाई ठेवावी, तेवढी. आयर्लंडहून १९७६ साली भूगोल शिकवायला आलेले ब्रदर कॉल्म ओ'कॉनेल तिथे धावपटू घडवत बसले. त्यांच्या हाताखालच्या डेव्हिड रुडिशाने २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत संपवले. तेवढ्या वेळात माझी एका बुटाची नाडी बांधून होते. पहिल्याच सकाळी दप्तरवाली एक शाळकरी पोर माझ्या बाजूने धावत आली, 'हाऊ आर यू?' म्हणाली आणि मी 'फाइन'मधला 'फा' काढेपर्यंत वळणापलीकडे गेली. असो.

काका बँकेतून निवृत्त झालेले. मुंबईच्या थंडीतही माकडटोपी.

"किती घालवलेस?"

आकडा सांगितला. निम्माच. घरीही निम्माच सांगितलाय.

"आणि तिथं विशेष काय?"

"हवा विरळ असते, काका. ऑक्सिजन इथल्या पाऊणपटच मिळतो."

काकांनी टोपी कानावरून वर सरकवली. "पाऊण? आणि पैसे?"

"पूर्ण."

"भांडला नाहीस?"

मग मी शहाणपणा केला. ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतात, त्यानं तांबड्या पेशी वाढतात, खाली आल्यावर दम टिकतो, वगैरे.

"किती दिवस लागतात?"

"तीन-चार आठवडे तरी."

"तू राहिलास किती?"

"दहा दिवस."

काकांनी शेजारच्या अण्णांकडे बघितलं. "एफडी मुदतीआधी मोडली. व्याज शून्य."

अण्णा हसले. अण्णांना हसायचं कारण नव्हतं. ते गेल्या महिन्यात बँकॉकहून सहा बॅगा घेऊन आले, तेव्हा कुणी व्याज विचारलं नव्हतं. आणि इटेनचे रस्ते मातीचे असतील, पण धावता तरी येतं. आमच्या गल्लीतला फुटपाथ पावसाळ्याआधी उकरलाय, तो अजून तसाच. उरलेल्यावर स्कूटर. रस्त्यावर उतरलो की मागून हॉर्न आणि आईवरून शिवी. हे सोडून या माणसाला माझी एफडी दिसते!

"चल, निघतोच आहेस तर ही पिशवी घे," काका म्हणाले. पिशवीत दुधी, भोपळा आणि दोन नारळ. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर मी कठडा धरून उभा राहिलो. काका दोन पायऱ्या वर थांबले, वळून माझ्याकडे बघितलं.

"इथं हवा पूर्ण आहे ना रे?"