कोकराचं वजन ओव्या-लसणाने दुप्पट होतं का?

इंदूर, महू, देपालपूरकडे बंदिस्त मेंढीपालन करणाऱ्या मराठी मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक नुस्खा फिरतोय. ओवा, लसूण, हळद, मेथी कुटून गुळात कालवा आणि रोज कोकराला चारा. तीन महिन्यांत वजन दुप्पट होईल, लस नको, जंतनाशक नको, नैसर्गिक असल्याने जास्त झालं तरी अपाय नाही; युरोपनेही अँटिबायोटिक बंद करून हीच वाट धरली. इंदूरच्या सियागंज बाजारात एका फेरीत सगळं मिळतं, त्यामुळे लोक करूनही बघतायत.

वजन दुप्पट होतं, यात खोटं फारसं नाही. नुकतंच दूध तुटलेलं 15 किलोचं कोकरू मका, सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) आणि चारा देऊन बांधून वाढवलं तर दिवसाला 100 ते 150 ग्रॅम चढतं. 130 धरा. 90 दिवसांत पावणेबारा किलो, म्हणजे शेवटी 27 च्या आसपास. हे ओव्याचा एक दाणाही न घालता. मग त्याच वयाची, त्याच खुराकावरची, पण मसाला न दिलेली कोकरं किती भरली? ते नुस्ख्यात कुठेच नाही. त्याशिवाय श्रेय मसाल्याला देणं म्हणजे दूध आटलं ते केशरामुळे, असं म्हणणं.

मसाल्यात काहीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ओव्यातलं थायमॉल, लसणातली गंधकयुक्त द्रव्यं पोटातल्या काही जंतूंना आवरतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण काचेच्या भांड्यात दिसणारा परिणाम जिवंत जनावरात बराच फिका पडतो, कारण तिथले जंतू काही आठवड्यांत त्या द्रव्याला सरावतात. मात्रा वाढवली तर चारा पचवणारे जंतूही दबतात आणि कोकरू गव्हाणीतून तोंड फिरवतं. शिवाय ओव्यात तेल असतं साधारण 2 ते 4 टक्के. जुन्या पोत्यातल्या ओव्यात त्याहून कमी. ‘एक मूठ ओवा’ ही मात्राच नव्हे. हळदीतलं कुरकुमिन तर आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं.

‘जास्त झालं तरी अपाय नाही’ हे वाचून मात्र राग येतो. तांबंही खाणीतूनच येतं, म्हणजे नैसर्गिकच, पण तांब्याच्या बाबतीत मेंढीइतकं नाजूक दुसरं पाळीव जनावर क्वचितच असेल. गायींचं खनिज मिश्रण मेंढ्यांना देऊ नये ते यासाठीच. नुस्ख्यातला गूळ घ्या. आधीच दाण्यावर असलेल्या कोकराला वर गूळ दिला की पोटात आम्ल झपाट्याने वाढतं. खाणं थांबतं, पातळ हगवण लागते.

लसीचा मुद्दा सगळ्यात घातक. दाणा वाढला की आंत्रविषाराचे जंतू आतड्यात फोफावतात आणि विष सोडतात. त्यात आधी जातं ते कळपातलं सगळ्यात गुटगुटीत, भरपूर खाणारं कोकरू, पुष्कळदा काही लक्षण दिसायच्या आत. लसूण ते विष अडवत नाही. आंत्रविषाराची लस, पहिल्यांदा देताना काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा, द्यावीच लागते, पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य रोगाची वेगळी. जंतांवरही लसूण मेंढ्यांच्या चाचण्यांत भरवशाचा ठरलेला नाही. डोळ्याची खालची पापणी उलटून बघा, जंतांनी रक्त शोषल्याने पांढरी पडलेली असेल तर डॉक्टरांना बोलवा.

युरोपचं थोडक्यात. 1 जानेवारी 2006 पासून तिथे वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं बंद झालं, हे खरं. कारण होतं औषधांना दाद न देणारे जंतू. ओवा सरस ठरला म्हणून कोणी बंदी घातली नाही. आपल्याकडे 2019 मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली तीही त्याच चिंतेतून.

खुराकात काही घालायचंच असेल तर कमी आकर्षक यादी आहे. दाणा एकदम न वाढवता दोन-तीन आठवड्यांत चढवत न्या, भुसा-कडबा तोडू नका. दाण्यात एक टक्क्याच्या आसपास खाण्याचा सोडा आम्ल आवरतो. जिवंत यीस्टचाही काही ठिकाणी उपयोग दिसलाय, सगळीकडे नाही. नरांना दाण्यावर मूतखडा होतो, कारण दाण्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. म्हणून चुनखडीची पूड घालून कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट ठेवायचं आणि नवसागर (अमोनियम क्लोराइड) अर्धा टक्का. नुस्ख्यात यातलं काहीच नाही. बहुधा सोडा आणि चुनखडी फॉरवर्ड करण्याइतकी चटकदार नसावी.

तरीही ओवा देऊन बघायचाच असेल तर सारख्या वजनाची कोकरं चिठ्ठ्या टाकून दोन वाड्यांत वाटा. खुराक, लस, पाणी सगळं सारखं, फक्त ओवा एकाच वाड्यात. वजन दर पंधरा दिवसांनी सकाळी, चारापाण्याआधी करा. भरल्या पोटी काटा दोन-तीन किलो सहज जास्त दाखवतो.